भरून न येणारी जखम



खेळतांना गुडघा फुटला, विळीनें बोट कापलें किंवा चुलीपाशीं हात पोळला, तर आपण ती जागा धुतों, वर स्वच्छ फडकें बांधतों आणि आठ-पंधरा दिवसांत ती गोष्ट विसरूनहि जातों. जखम बरी झाली असें आपण सहज म्हणतों. परंतु ती बरी कोणीं केली, हा प्रश्न आपल्या मनांत क्वचितच येतो. सोळाव्या शतकांत फ्रान्स देशांत आंब्र्वाज पारे नांवाचा एक थोर शस्त्रवैद्य होऊन गेला. आपण केवळ जखम बांधतों, ती भरून आणणारा परमेश्वर, अशा अर्थाचे त्याचे उद्गार प्रसिद्ध आहेत. या उद्गारांत नम्रता आहे, तसेंच शास्त्रहि आहे. जगांतील कोणतेंहि मलम मांस निर्माण करीत नाहीं. मांस आणि त्वचा शरीर आपलें आपणच निर्माण करितें. त्याच्या वाटेंतील अडथळे ओळखून ते दूर करणें, हें वैद्याचें मुख्य काम.

असें जर आहे, तर कांहीं माणसांच्या पायांवरील जखमा महिनोन्महिने, कधीं कधीं वर्षानुवर्षें, तशाच कां रहातात? ज्याच्या पायाची पट्टी कधीं सुटतच नाहीं, असा एखादा मनुष्य बहुतेक प्रत्येक गांवांत आढळतो. लोक म्हणतात, त्याचें मांसच वाईट, नाहीं तर त्याचें प्राक्तन वाईट. या समजुती कशा फोल ठरल्या, आणि अशा जखमांवर तज्ज्ञ वैद्य कोणत्या विचारानें उपचार करितात, हें प्रस्तुत लेखांत सांगावयाचें आहे.

जखम भरते कशी?

पावसाळ्यांत शेताचा बांध फुटला, म्हणजे शेतकरी काय करितो? प्रथम वाहतें पाणी अडवितो. मग गाळ व मोडकें सामान बाजूला काढितो. नंतर नवे दगड व माती रचितो. आणि शेवटीं तें काम एक-दोन पावसाळे खाऊन हळूहळू पक्कें होतें. शरीराची रीत अगदीं अशीच आहे. जखम झाल्याबरोबर रक्तांतील सूक्ष्म कण एकमेकांस चिकटून गांठ तयार होते व रक्त थांबतें. दुसऱ्या पायरीस पांढऱ्या पेशी त्या जागीं धांवून येतात, जंतु मारितात आणि मेलेलें मांस साफ करितात. या वेळीं जागा लाल, गरम व सुजलेली दिसते. ती सूज कांहीं दिवसांपुरती हितकारकच असते. तिसऱ्या पायरीस नव्या केशवाहिन्या फुटतात, तंतुमय मांस तयार होतें, जखमेचा तळ डाळिंबाच्या दाण्यांप्रमाणें लाल व दाणेदार दिसूं लागतो, आणि कडेची कातडी त्यावर हळूहळू सरकत येते. चौथी पायरी महिनोन्महिने चालते. तींत नवें मांस घट्ट होत जातें. तरीहि भरलेल्या जागेस मूळ कातडीची पूर्ण बळकटी कधींच येत नाहीं. फार तर शेंकडा ८० पर्यंत येते. ज्या जागीं एकदां व्रण झाला, त्या जागेची काळजी जन्मभर घ्यावी लागते, त्याचें कारण हेंच.

न भरणारी जखम बहुधा दुसऱ्या पायरीवर अडकून पडलेली असते. तेथें गाळ काढण्याचें काम संपतच नाहीं, कारण रोज नवा गाळ येऊन पडतो. कोणी मुकाट्यानें रोज त्याच बांधावरून गाड्या हांकीत असेल, तर शेतकऱ्यानें कितीहि माती टाकली तरी बांध उभा राहील काय? अशा वेळीं आणखी चांगली माती शोधण्यापेक्षां गाड्या थांबविणें हेंच शहाणपण. पुढील सर्व विवेचनाचें सार या एका दृष्टांतांत आहे.

वेल्लोरचा शस्त्रवैद्य

दक्षिण भारतांत वेल्लोर येथें आयडा स्कडर या मिशनरी बाईंनीं १९०० सालीं एका खाटेचा दवाखाना सुरू केला. त्याचेंच पुढें मोठें रुग्णालय व ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालय झालें. १९४६ सालीं तेथें पॉल ब्रँड नांवाचा तरुण इंग्रज शस्त्रवैद्य आला. त्याचा जन्म १९१४ सालीं तमिळ प्रांतांतील कोल्ली डोंगरावर मिशनरी मातापित्यांच्या पोटीं झाला होता, आणि त्याचे वडील १९२९ सालीं त्याच डोंगरावर तापानें वारले होते. वेल्लोरास आल्यावर दुसऱ्या वर्षीं तो चिंगलपट येथील कुष्ठरोग्यांची वसाहत पहावयास गेला. तेथील प्रमुख डॉक्टर रॉबर्ट कॉक्रेन हे कुष्ठरोगाचे जगप्रसिद्ध तज्ज्ञ होते. रोग्यांचीं वांकडीं झालेलीं बोटें आणि सडलेले पाय पाहून ब्रँडनें विचारलें, कीं हे हातपाय असे कां होतात? हाडांच्या कोणत्याहि शस्त्रवैद्यानें या प्रश्नाचा कसून अभ्यास केलेला नाहीं, असें त्याला कळलें. एका रोग्याला त्यानें आपला हात दाबावयास सांगितलें, तेव्हां त्या वांकड्या बोटांची पकड इतकी जबर निघाली, कीं ब्रँड कळवळला. जे स्नायू मेले असें सर्व समजत होते, त्यांपैकीं पुष्कळ जिवंत होते!

त्या काळीं वैद्यांचीहि समजूत अशी होती, कीं कुष्ठरोग्याचें मांस मुळांतच बिघडलेलें असतें. तें भरून येत नाहीं. रोगानेंच बोटें झडून पडतात. ब्रँड व त्याचे सहकारी यांनीं रोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया करण्यास आरंभ केला, तेव्हां एक विलक्षण गोष्ट त्यांच्या नजरेस आली. शस्त्रानें केलेली जखम या रोग्यांतहि इतर माणसांच्या जखमेसारखीच भरून येत होती. मग त्याच माणसाच्या तळपायावरील जखम वर्षानुवर्षें कां वाहत होती? मांसाचा दोष नसेल, तर दोष कोठें होता?

कुष्ठरोगाचा जंतु नॉर्वे देशांत डॉ. हान्सेन यांनीं १८७३ सालीं शोधून काढिला. हा जंतु शरीराच्या थंड भागांत वाढतो व कातडीजवळून जाणाऱ्या ज्ञानतंतूंस इजा करितो. कोंपराजवळचा, गुडघ्याजवळचा व घोट्याजवळचा ज्ञानतंतु त्याला विशेष बळी पडतो. ज्ञानतंतु निकामी झाला म्हणजे तीन गोष्टी होतात. स्पर्श व वेदना कळेनाशा होतात. कांहीं स्नायू लुळे पडून बोटें आंकडीसारखीं वळतात. आणि घाम येईनासा झाल्यामुळें कातडी कोरडी पडून तिला भेगा जातात. बोटें जंतु खात नाहीं. वेदना कळत नाहीं म्हणून मनुष्य स्वतःच तीं न कळत झिजवून टाकितो.

ब्रँड यांनीं आपल्या लेखनांत एक प्रसंग सांगितला आहे. एका गंजलेल्या कुलपाची किल्ली त्यांच्यानें कांहीं केल्या फिरेना. तेव्हां एक लहान रोगी मुलगा पुढें आला व त्यानें ती झटक्यांत फिरविली. मुलाच्या अंगांत एवढी शक्ति कोठून आली, याचें आश्चर्य करीत ब्रँड यांनीं त्याचा हात पाहिला, तों किल्लीच्या कडेनें बोट हाडापर्यंत कापलें गेलें होतें! मुलाला त्याची खबरहि नव्हती. आपणांस वेदना होते म्हणून आपण किल्ली सोडितों. त्या मुलाला थांबविणारें कोणी नव्हतें. दुसरें एक गूढ असें, कीं कांहीं रोग्यांचीं बोटें रात्रींतून नाहींशीं होत. पहारा ठेवल्यावर कळलें, कीं झोंपलेल्या रोग्याचें बोट उंदीर कुरतडीत असत आणि रोगी जागाहि होत नसे. तेव्हांपासून घरीं जाणाऱ्या रोग्यास औषधाबरोबर एक मांजरहि देण्याची पद्धत पडली. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या लोक शाप समजत आले, त्याचा उलगडा अशा साध्या निरीक्षणानें होत गेला.

लंगडण्याचा उपयोग

पायाला इजा तीन प्रकारांनीं होते, हें ब्रँड यांच्या शिकवणुकीचें सूत्र होतें. पहिला प्रकार एकदम मोठ्या आघाताचा. कांच, खिळा किंवा निखारा यांवर पाय पडणें. दुसरा प्रकार सतत राहणाऱ्या हलक्या दाबाचा. घट्ट बूट थोडासाच दाबतो. पण तो दाब तासचे तास तसाच राहिला, तर त्या जागेचें रक्त थांबतें व मांस मरतें. अंथरुणास खिळलेल्या माणसाच्या कंबरेस व टांचेस ज्या जखमा होतात, त्या याच जातीच्या. तिसरा प्रकार सर्वांत फसवा आहे. एका पावलानें ज्याला कांहींहि होत नाहीं, त्याच जागीं हजारों पावलें पडलीं, कीं ती जागा आंतून सुजते, मऊ पडते आणि शेवटीं फुटते. उंदरांच्या पंजांवर यंत्रानें हलकेच परंतु वारंवार दाब देऊन ब्रँड यांनीं ही गोष्ट प्रयोगानें सिद्ध केली.

आपल्या पायांस असें कां होत नाहीं? आपण लांब चाललों, तर एक जागा तापते, किंचित् दुखूं लागते, आणि आपण न कळत पाऊल निराळ्या रीतीनें टाकूं लागतों. खुर्चीवर बसलों तरी दर कांहीं मिनिटांनीं अंग हलवितों. काटा बोंचला तर लंगडतों. लंगडणें हें आपणांस व्यंग वाटतें. वस्तुतः तें औषध आहे. जखमेवरचा भार काढून घेण्याची ती शरीराची युक्ति होय. बधिर पायाचा मनुष्य लंगडत नाहीं. उघड्या जखमेवर तो ताठ चालत जातो. पहाणाऱ्यास वाटतें, हा किती धीराचा! पण तो पावलोपावलीं आपलाच पाय कुटीत असतो. जखम कां भरत नाहीं, याचें उत्तर येथें मिळालें. बांधावरून गाड्या चालूच होत्या.

प्लास्टरचा उपचार

रोग निदानास आला, म्हणजे उपाय सुचतो. जखमेवरील भार काढावा. पण गरीब मनुष्य दोन महिने खाटेवर पडून राहिला, तर त्याच्या घरीं चूल कशी पेटावी? यावर एक उत्तम तोड निघाली. १९३० नंतरच्या दशकांत सिलोन बेटांत डॉ. मिलरॉय पॉल यांनीं व भारतांतहि कांहीं वैद्यांनीं कुष्ठरोग्यांच्या तळपायाच्या जखमा प्लास्टरमध्यें बंद करून बऱ्या करण्याचा प्रयोग केला होता. त्याच सुमारास, १९३६ ते १९३९ च्या स्पेनमधील यादवी युद्धांत, जोसेप त्रुएता या शस्त्रवैद्यानें युद्धांतील मोठमोठ्या जखमा साफ करून प्लास्टरमध्यें बंद ठेवल्या व पुष्कळ अवयव वांचविले. वेल्लोरास व नंतर १९५५ सालीं स्थापन झालेल्या करिगिरी येथील संशोधनसंस्थेंत या उपचाराचा पद्धतशीर वापर झाला. पायाला सर्वत्र तंतोतंत चिकटून बसणारें हें प्लास्टर असतें. त्यामुळें शरीराचा भार एका उंचवट्यावर न पडतां संपूर्ण तळवा व पोटरी यांवर वांटला जातो, पाऊल आंत घासत नाहीं, सूज उतरते, आणि रोगी चालूं शकतो. आणखी एक गुण असा, कीं रोग्याला तें स्वतः काढतां येत नाहीं! सुरुवातीस सूज उतरल्यामुळें प्लास्टर सैल होतें, म्हणून तें थोड्याच दिवसांत बदलितात. पुढें सुमारें आठवड्याआठवड्यानें बदलितात. वर्षानुवर्षें वाहत असलेल्या पुष्कळशा जखमा अशा रीतीनें सहा ते आठ आठवड्यांत भरून येतात.

परंतु जखम भरली म्हणजे काम संपलें नाहीं. पाय बधिर तो बधिरच. म्हणून ब्रँड व त्यांचे सहकारी चांभारकामाकडे वळले. सूक्ष्म छिद्रांच्या मऊ रबराचा आंतला थर, खालीं काटा न शिरेल असा टणक तळ, आणि पायाच्या आकाराबरहुकूम केलेले पट्टे, अशा चपला त्यांनीं तयार करविल्या. तशा चपला आजहि कुष्ठरोग्यांस दिल्या जातात. शस्त्रक्रियेंत निष्णात असलेल्या माणसानें चपलेच्या तळाचा विचार करण्यांत वर्षें घालवावीं, यांत कमीपणा नाहीं. शस्त्रानें मिळविलेलें यश चपलेवांचून टिकत नाहीं, हें त्यानें ओळखिलें होतें.

कुष्ठरोगापासून मधुमेहाकडे

१९६६ सालीं ब्रँड अमेरिकेंत लुइझिआना प्रांतांतील कार्व्हिल येथील कुष्ठरोग रुग्णालयांत गेले. तेथें त्यांना आढळलें, कीं मधुमेही रोग्यांच्या तळपायांवरील जखमा हुबेहूब कुष्ठरोग्यांच्या जखमांसारख्याच आहेत. रोग निराळा, जंतूचा संबंध नाहीं; परंतु रक्तांतील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली, कीं पायांचे ज्ञानतंतु मरतात व तीच बधिरता येते. वेल्लोर व करिगिरी येथें गरिबांतील गरिबांच्या सेवेंत सिद्ध झालेला प्लास्टरचा उपचार अशा रीतीनें अमेरिकेंतील मधुमेहाच्या दवाखान्यांत पोंचला. बधिरतेमुळें झालेल्या व भार आणि घर्षण यांमुळें अडलेल्या तळपायाच्या जखमेवर तो आज जगभर श्रेष्ठ मानला जातो. ब्रँड २००३ सालीं वारले.

भारतांतील मधुमेह्यांची संख्या २०२१ सालच्या अंदाजाप्रमाणें दहा कोटींच्या वर गेली आहे. आणि दर शंभर मधुमेह्यांपैकीं १५ ते २५ जणांस आयुष्यांत केव्हां तरी पायाला व्रण होतो, असा तज्ज्ञांचा हिशेब आहे. यावरून हा विषय केवळ कुष्ठधामाच्या भिंतीआडचा नव्हे, तर आपल्या प्रत्येकाच्या घरचा आहे, हें लक्षांत येईल.

मधुमेहांत मात्र आणखी एक संकट असतें. ज्ञानतंतूंबरोबर धमन्याहि अरुंद होतात व पायाला रक्त कमी पोंचतें. रक्तच नसेल, तर माती व दगडांवांचून बांध कसा उभा रहाणार? अशा पायास प्लास्टर घातल्यास अपाय होतो. पू झालेल्या जखमेसहि तेंच. म्हणून हें काम तज्ज्ञाचेंच आहे, घरीं करून पहाण्याचें नव्हे.

तज्ज्ञ काय पहातो?

मोठ्या रुग्णालयांत न भरणाऱ्या जखमांसाठीं आतां स्वतंत्र विभाग असतात. शस्त्रवैद्य, मधुमेहतज्ज्ञ, रक्तवाहिन्यांचा तज्ज्ञ, शिकलेली परिचारिका व पादत्राणें करणारा कारागीर हे तेथें एकत्र विचार करितात. तेथील पहिला प्रश्न, कोणतें मलम लावावें, हा नसतो; जखम कां अडली, हा असतो. तपासणीचा क्रम साधारण असा:

१. रक्त पोंचतें काय? पावलावरील नाडी बोटानें पहातात. दंड व घोटा यांवरील रक्तदाब मोजून त्यांचें प्रमाण काढितात. घोट्याचा दाब दंडाच्या नऊ-दशांशाहून कमी भरला, तर धमन्या अरुंद झाल्याचा संशय घेतात. मधुमेह्यांत धमन्या टणक झाल्यामुळें हा आंकडा कधीं खोटाच चांगला येतो; म्हणून इतर परीक्षाहि करितात. वाट बंद असेल, तर ती उघडल्यावांचून पुढील सर्व श्रम व्यर्थ.

२. स्पर्श कळतो काय? दहा ग्रॅम दाबानें वांकणारा एक नायलॉनचा तंतु तळपायास टेकवितात. रोग्याला तो कळला नाहीं, तर संरक्षक वेदना गेली असें समजतात.

३. आंत काय दडलें आहे? मेलेलें मांस शस्त्रानें काढितात. कडेचा टणक घट्टा तासून काढितात, कारण तो बुटांतील खड्याप्रमाणें बोंचत असतो. जखमेंतून सळई हाडास लागली, तर हाड सडल्याचा संशय घेऊन क्षकिरणानें तपास करितात. फार जुन्या जखमेच्या कडेचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखालीं पहातात, कारण वर्षानुवर्षें राहिलेल्या व्रणांत क्वचित् कर्करोग उत्पन्न होतो.

४. माणसाची स्थिति कशी आहे? साखर किती, रक्त पुरेसें आहे काय, अन्नांत प्रथिनें आहेत काय, तंबाखू व विडी चालू आहे काय, हें विचारतात. विडीनें धमन्या आकसतात. जखम भरावयाची तर ती सोडलीच पाहिजे.

घोट्याच्या वर, बहुधा आंतल्या अंगास, दुसऱ्या एका जातीची जखम होते. तेथें रक्त येतें, पण शिरांच्या झडपा बिघडल्यामुळें तें वर परत जात नाहीं. ज्यांना दिवसभर उभें राहून काम करावें लागतें, अशा शिक्षक, न्हावी, पोलीस वगैरे लोकांत हा विकार आढळतो. येथें उपाय अगदीं उलट. पायाच्या बोटांपासून गुडघ्यापर्यंत अनेक पदरी पट्टी घट्ट बांधून घोट्याशीं पाऱ्याच्या सुमारें ४० मिलिमीटर इतका दाब ठेवितात व पाय उंच ठेवावयास सांगतात. धमन्या ठीक आहेत, याची खात्री आधीं केलीच पाहिजे. नाहीं तर तीच पट्टी पायाचा घात करील. एकाच नांवाच्या जखमेस एका माणसांत भार काढणें, दुसऱ्यांत रक्ताची वाट उघडणें आणि तिसऱ्यांत बाहेरून दाब देणें, हे तीन निरनिराळे उपाय! शेजाऱ्याच्या औषधानें आपली जखम बरी करूं पहाणें कां धोक्याचें, तें यावरून उमगावें.

पट्टीविषयींहि एक जुनी समजूत बदलली आहे. जखम उघडी ठेवून वाळवावी, खपली धरूं द्यावी, असें पूर्वीं सर्वच सांगत. १९६२ सालीं जॉर्ज विंटर यांनीं डुकरांच्या कातडीवरील प्रयोगांनीं दाखविलें, कीं पातळ पटलाखालीं ओलसर ठेवलेली जखम उघड्या जखमेच्या सुमारें दुप्पट वेगानें नव्या कातडीनें झांकली जाते. कोरड्या खपलीखालून नव्या कातडीला वाट शोधीत जावें लागतें. ओलसर जागीं ती सरळ सरकते. म्हणून आज ओल राखणाऱ्या पट्ट्या वापरितात. १९९७ सालीं अमेरिकेंतील अर्जेंटा व मोरिक्वास यांनीं जखमेवर स्पंज बसवून व तो हवाबंद करून यंत्रानें आंतील हवा व स्राव शोषून घेण्याची पद्धत प्रसिद्ध केली; खोल जखमांत तिचा पुष्कळ उपयोग होतो. परंतु भार तसाच ठेवून, साखर तशीच ठेवून केवळ महागडी पट्टी बदलीत राहिल्यास पैसा जातो व जखम रहाते. चार आठवड्यांत मधुमेही पायाच्या जखमेचा विस्तार निम्म्यानें कमी झाला नाहीं, तर आपलें निदान पुन्हां तपासावें, असा या शास्त्रांतला संकेत आहे. दर आठवड्यास जखमेचें माप घेऊन तें लिहून ठेवणें ही गोष्ट साधी आहे, पण तिच्यावांचून सुधारणा व समजूत यांतला फरक कळत नाहीं.

आपल्या महाराष्ट्रांत

आपल्या प्रांतांत या सेवेची परंपरा मोठी आहे. वर्धेजवळ दत्तपूर येथें मनोहर दिवाण यांनीं १९३६ सालीं, आणि अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनीं १९४६ सालीं तपोवन येथें कुष्ठरोग्यांची सेवा आरंभिली. वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनीं आनंदवन वसविलें. मिरजेस मिशनच्या वैद्यकीय कार्याबरोबर कुष्ठरोग्यांचेंहि रुग्णालय चालत आलें आहे. भिन्न धर्मांच्या व भिन्न विचारांच्या या माणसांनीं एकच काम केलें: ज्याला लोकांनीं गांवाबाहेर घातलें, त्याची जखम त्यांनीं आपल्या हातांनीं धुतली.

१९८१ सालापासून जागतिक आरोग्य संघटनेनें शिफारस केलेल्या बहुविध औषधांनीं कुष्ठरोग पूर्ण बरा होतो, व औषध सुरू झाल्यावर रोग्यापासून संसर्गाचें भय लवकरच जातें. तरीहि २०२३ सालीं भारतांत एक लाखाहून अधिक नवे रोगी सांपडले. शिवाय औषधानें जंतु मरतात, पण मेलेला ज्ञानतंतु परत येत नाहीं. म्हणून रोग बरा झालेल्या माणसाच्या पायावरहि जखम दिसूं शकते. त्या जखमेवरून त्याला रोगी समजून दूर लोटणें हा अज्ञानाचा व अन्यायाचा कळस होय. त्या जखमेंत कुष्ठाचा जंतु नसतो. चालून चालून झालेली ती इजा असते.

आपण काय करावें?

विद्यार्थ्यांनीं हा पाठ वाचून येथेंच थांबूं नये. ज्यांच्या घरीं आजोबा, आजी, वडील किंवा आई यांस मधुमेह आहे, त्यांनीं पुढील गोष्टी शिकून घ्याव्या व त्यांस सांगाव्या.

रोज संध्याकाळीं त्यांचे तळपाय व बोटांच्या बेचक्या उजेडांत नीट पहाव्या. वृद्धांस खालीं वांकवत नाहीं व नीट दिसत नाहीं. तुमचे तरुण डोळे त्यांच्या उपयोगी पडोत. हात फिरवून एखादी जागा दुसऱ्या पायाच्या त्याच जागेपेक्षां गरम लागते काय, तें पहावें. जखम फुटण्यापूर्वीं पाय असा इषारा देतो. चप्पल घालण्यापूर्वीं ती उलटी करून झाडावी. आंत खडा किंवा खिळा असल्यास त्यांना तो कळणार नाहीं. घरांतहि अनवाणी चालूं देऊं नये. वैशाखांतल्या दुपारीं देवळाच्या किंवा मशिदीच्या फरशीवर अनवाणी चालून पाय भाजल्याचें बधिर माणसाला कळत नाहीं, म्हणून सकाळची वेळ धरावी. पाय शेकण्यास निखाऱ्याची शेगडी किंवा गरम पाण्याची पिशवी देऊं नये. पाय धुण्याचें पाणी आपल्या कोंपरानें तपासून द्यावें. घट्टा किंवा भोवरी घरीं ब्लेडनें कापूं नये, व तीवर दाहक औषध लावूं नये. कोरड्या कातडीला तेल लावावें, पण बोटांच्या बेचक्यांत लावूं नये. आणि पायाला जखम झाली, तर ती दुखत नाहीं म्हणून एक दिवसहि स्वस्थ बसूं नये. न दुखणारी जखमच अधिक भयंकर, हें या लेखांतून एवढें एकच वाक्य लक्षांत राहिलें, तरी पुरे.

ब्रँड यांना एकदां प्रवासांत इंग्लंडमध्यें रात्रीं बूट काढतांना आपली टांच बधिर झाल्याचा भास झाला. आपणांसहि तोच रोग जडला, अशा विचारानें त्यांनीं ती रात्र काढिली. सकाळीं त्यांनीं सुई टोंचून पाहिली, तों चांगलीच दुखली, आणि त्या दुखण्याबद्दल त्यांनीं देवाचे आभार मानिले. प्रवासांत फार वेळ एकाच स्थितींत बसल्यानें एक ज्ञानतंतु थोडा वेळ दबला होता, इतकेंच. वेदना ही कोणालाहि नको असलेली देणगी आहे, अशा अर्थाच्या नांवाचें पुस्तक त्यांनीं फिलिप यान्सी यांच्यासह १९९३ सालीं लिहिलें. आपण देवाजवळ वेदना नाहींशी करण्याची प्रार्थना करितों. ज्यांची ती खरोखर नाहींशी झाली, त्यांचे पाय पहावे, म्हणजे ती किती मोठी राखण करीत होती, हें कळेल.

शुभवर्तमानांतील चांगल्या शोमरोनी माणसाची गोष्ट आपणां सर्वांस ठाऊक आहे. त्यानें वाटेवरील जखमी माणसाच्या जखमांवर तेल व द्राक्षारस ओतून त्या बांधल्या, एवढेंच आपण बहुधा लक्षांत ठेवितों. परंतु त्यानें त्याला आपल्या जनावरावर बसविलें, म्हणजे त्याला चालूं दिलें नाहीं. उतारशाळेंत ठेवून विसांवा दिला. आणि दुसऱ्या दिवशीं निघतांना पुढील खर्चाचीहि सोय केली. जी जखम लवकर भरत नाहीं, तिला औषधापेक्षां असा टिकाऊ शेजारी अधिक लागतो. आठवड्यामागून आठवडे पट्टी बदलणारा, माप घेणारा, चप्पल तपासणारा मनुष्य जिच्यापाशीं आहे, ती जखम बहुधा भरते. ज्यांच्या घरीं असा वृद्ध मनुष्य आहे, त्यांनीं आज संध्याकाळीं दिवा घेऊन त्याच्या पायाशीं बसावें.